शेपटीची क्रियापदे

माझ्या वडिलांना एक पणती आहे. दिवाळी अंकात हे वाचून कुणी तेलवात शोधू नये. ही पणती ७ वर्षांची असून फ्रान्समध्ये, लिओं शहरात राहते. माझ्या पुतण्याची ती मुलगी. आई फ्रेंच, शाळा फ्रेंच, शेजार फ्रेंच. तेव्हा पोरीच्या तोंडात फ्रेंचखेरीज दुसरी भाषा नाही. आमच्या अप्पांनी हायस्कुलात ३५ वर्षे इंग्रजी शिकवले. परदेशी पाठवायचे पत्र इंग्रजीतच असले पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त ८६ व्या वर्षीही अढळ आहे. दोन पाने इंग्रजीत लिहून त्यांनी ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "तू त्या फ्रेंचच्या वर्गाला जायचास ना? कर याचं फ्रेंच."

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. फ्रेंच हा चाळिशीनंतर जडलेला शौक. तरी म्हटले, पणजोबांचे पणतीला पत्र, त्यात अवघड ते काय असणार?

पहिल्याच वाक्याला अडलो. लहानपणी वाईला आपण 'स्वॅम अक्रॉस द कृष्णा', असे अप्पांनी लिहिले होते. इंग्रजीत क्रियापद नुसते पोहते. नदी ओलांडण्याचे खरे काम 'अक्रॉस' हा शेपटीतला चिमुकला शब्द करतो. त्याला फ्रेंच प्रतिशब्द शोधून चिकटवला, तर अप्पा पोहतात खरे, पण पलीकडच्या काठाला पोचत नाहीत. फ्रेंचमध्ये ओलांडणे क्रियापदात घ्यावे लागते आणि पोहणे मागे जाते : 'त्राव्हेर्से' म्हणजे ओलांडणे, 'आ ला नाज' म्हणजे पोहून. व्हिने आणि दार्बेलने या दोघा अभ्यासकांनी १९५८ साली इंग्रजी व फ्रेंच शैलींची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. या अदलाबदलीला त्यांनी नाव दिले 'शासे-क्र्वाझे'. शब्द मूळचा नाचातला; जोडीदार एकमेकांच्या जागा घेतात, तो.

मजा अशी, की हा नाच मराठीला उपजतच येतो. 'मी कृष्णा पोहून ओलांडली' असेच आपण म्हणतो. पुढे अप्पांचा कुत्रा 'रॅन डाउन द स्टेअर्स', तर 'धावत जिना उतरला' या मराठीवरून त्याला मी सुखरूप फ्रेंचमध्ये उतरवला.

पण मराठी सगळीकडेच धावून आली नाही. अप्पांचे मांजर बशीतून दूध पिते. फ्रेंच मांजर मात्र बशीत पिते. आपल्या 'तून' मध्ये 'त'ही आहे आणि 'ऊन'ही. फ्रेंचला एकटा 'त' पुरतो. अप्पा चष्मा शोधतात तिथे 'लुक' मागचा 'फॉर', आणि पोस्टमनची वाट पाहतात तिथे 'वेट' मागचा 'फॉर', हे दोन्ही चपलांसारखे फ्रेंचच्या उंबरठ्याबाहेर काढून ठेवावे लागले.

'गिव्ह अप'ने तर माझा पुरता घाम काढला. अप्पांनी तपकीर 'गिव्ह अप' केली. बसमध्ये एका मुलाने त्यांच्यासाठी आपली जागा 'गिव्ह अप' केली. आणि डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केल्यावर वरच्या मजल्यावरची आपली पुस्तकांची खोली, तीही त्यांनी 'गिव्ह अप' केली. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी तेच दोन शब्द. फ्रेंचला तीन निरनिराळी क्रियापदे हवीत : एक थांबवण्याचे, एक दुसऱ्याला देण्याचे, एक मन घट्ट करून सोडण्याचे. त्या खोलीचे मला कधी काही वाटले नव्हते. त्या दिवशी क्रियापद निवडताना वाटले.

शेवटची ओळ होती, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु सीइंग यू.' पत्रलेखनाच्या तासाला ही ओळ अप्पांनी किती मुलांकडून घोकून घेतली असेल! शब्दशः पाहिले तर 'पुढे पाहतो आहे'. फ्रेंचमध्ये असे नुसते पुढे पाहून भागत नाही. तू येणार याचा आनंद होतो, असे म्हणावे. नाहीतर 'झे आत' म्हणावे, म्हणजे मला घाई झाली आहे. दोन्ही रूढ आहेत. पोरगी येणार पुढल्या मे महिन्यात. अप्पांनी तिला अजून फोटोतच पाहिली आहे.

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"अप्पा, इथं काय लिहू? आनंद, की घाई?"

"अरे, पद्धत आहे ती. पत्राच्या शेवटी तसं लिहितात."

"इंग्रजीत लिहितात. फ्रेंचमध्ये दोन्हीतलं एक तुम्हांला निवडावं लागेल."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"घाई लिही," ते म्हणाले. "आणि अक्षर नीट काढ. पोरीला वाचता आलं पाहिजे."