एक संगणक, चार पडदे

दोन ग्राफिक्स कार्डे बसवली की संगणकाची ताकद दुप्पट होते, असे आमच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये बहुतेकांना वाटते. मागच्या टर्ममध्ये वार्षिक दिनाच्या प्रदर्शनासाठी आम्ही फ्लाइट सिम्युलेटर तयार केला, तेव्हा या समजुतीवरून बरीच चर्चा झाली. त्यातून जे समजले ते या पानावर लिहीत आहे. ज्यांना संगणकाची आवड नाही त्यांनीही वाचावे, कारण हा विषय पुढे यंत्रापुरता राहिला नाही.

सिम्युलेटरला जास्त पडदे कशाला, हे आधी सांगतो. उतरण्यापूर्वी विमान धावपट्टीला समांतर, पण उलट दिशेने उडते. मग दोन वळणे घेऊन ते धावपट्टीसमोर येते. याला सर्किट म्हणतात. ही वळणे बहुधा डावीकडे असतात, म्हणजे समांतर उडताना धावपट्टी वैमानिकाच्या डाव्या हाताला असते. एकच मॉनिटर असेल तर समोर नुसते आकाश दिसते आणि वळायचे कधी ते कळत नाही. दोन्ही बाजूंना एकेक मॉनिटर ठेवला की मान वळवून धावपट्टी पाहता येते. म्हणून वैमानिकाला तीन पडदे हवे होते. चौथा हवा होता प्रशिक्षकासाठी. त्याने नकाशावर विमानाची जागा पाहून वैमानिकाला सूचना द्यायच्या होत्या.

क्लबच्या संगणकातील कार्डाला मॉनिटरसाठी तीनच जोडण्या होत्या. स्टोअररूममध्ये त्याच कंपनीचे एक जुने कार्ड मिळाले. आमच्या एका सीनियरने सुचवले, की दोन्ही कार्डे ब्रिजने जोडू आणि चारही पडदे जोरात चालवू.

ही कल्पना हवेतली नाही. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू २ या कार्डांच्या जोडीत एक कार्ड चित्राच्या सम रेषा काढत असे आणि दुसरे विषम. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हेच नाव पुन्हा आणले आणि पुढच्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर आणले. त्यात बहुतेक वेळा एक कार्ड एक फ्रेम काढते आणि पुढची फ्रेम दुसरे कार्ड काढते. पण त्यासाठी कार्डे एकाच जातीची लागतात, ब्रिजची सोय असावी लागते आणि गेमनेही साथ द्यावी लागते. शिवाय ही सगळी धडपड एकच चित्र लवकर काढण्यासाठी असते. जास्त पडदे जोडणे हे वेगळे काम आहे. त्याला ब्रिज लागतच नाही. विंडोज ९८ पासून एका संगणकात अनेक कार्डे बसवून प्रत्येकाला स्वतःचा मॉनिटर देता येतो.

म्हणून आम्ही कामाची वाटणी केली. वैमानिकाचे तिन्ही पडदे चांगल्या कार्डावर ठेवले. बाहेरचे दृश्य एकाच कार्डाने काढलेले बरे, कारण एका कार्डाने काढलेले चित्र दुसऱ्या कार्डाच्या मॉनिटरवर न्यायचे म्हटले तर ते आधी तिकडे पाठवावे लागते आणि वेग मंदावतो. चौथा पडदा जुन्या कार्डाला दिला. त्यावर फक्त नकाशा होता. आम्ही वापरलेला फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर मोफत मिळतो आणि त्याचा नकाशा साध्या ब्राउझरमध्ये उघडतो.

अडचणी तीन आल्या. पहिली स्लॉटची. आमच्या मदरबोर्डवरचे दोन्ही लांब स्लॉट दिसायला सारखे आहेत, पण पहिल्यात सोळा लेन आहेत आणि दुसऱ्यात चारच. जुने कार्ड दुसऱ्यात बसवले. नकाशाला चार लेन पुष्कळ झाल्या. दुसरी अडचण विजेची. लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आमची दोन्ही कार्डे तेवढ्यात भागणारी होती, तरी सरांनी सगळ्या भागांची बेरीज करून ती पॉवर सप्लायच्या आकड्याशी ताडून पाहायला लावली. तिसरी ड्रायव्हरची. नवा ड्रायव्हर जुन्या कार्डाला ओळखेना. एकाच कंपनीच्या दोन कार्डांना एकच ड्रायव्हर चालवावा लागतो, म्हणून दोन्ही कार्डे ज्याच्या यादीत आहेत असा मागचा ड्रायव्हर शोधला. यात दोन रविवार गेले.

चारही पडदे सुरू झाले आणि वेगळाच प्रश्न निघाला. स्टिक धरायला रांग लागली, पण चौथ्या पडद्यासमोर बसायला कोणी तयार होईना.

डॉर्ममध्ये माझ्या शेजारच्या पलंगावर हरियाणाचा एक मित्र असतो. आम्ही सहावीत एकाच दिवशी या शाळेत आलो. त्याला लढाऊ विमानाचा वैमानिक व्हायचे होते. त्याच्या कपाटाच्या दाराला आतून तेजसचे चित्र लावलेले होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्याचे डोळे तपासले आणि या नंबरवर वैमानिक होता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. सुटीहून आल्यावर चित्र गेले होते. क्लबमध्येही तो येईना. मी विचारले तर म्हणाला, "आता माझं तिथे काय काम?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

मी त्याला चौथ्या पडद्यासमोर बसायला बोलावले. पहिल्या दिवशी तो गप्प बसून नकाशा बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याच्या वहीत सर्किटचा आराखडा होता. समांतर उडताना जमिनीपासून उंची १००० फूट, पहिले वळण कुठे, फ्लॅप कधी, सगळे लिहिलेले. प्रदर्शनाच्या दिवशी पालक सिम्युलेटरवर बसले. एका ज्युनिअरच्या आई स्टिक हातात घेताच घाबरल्या. हा शांतपणे म्हणाला, "मॅडम, डावीकडे बघा. धावपट्टी खांद्याच्या मागे गेली की मी सांगतो, मग वळा." त्यांनी विमान उतरवले. थोडे आपटले, पण धावपट्टीवरच.

त्याचे दुःख संपले असे मी म्हणणार नाही. ते चित्र त्याने परत लावलेले नाही. पण हवाई वाहतूक नियंत्रणाचे काम करणारे अधिकारी हवाई दलात कसे निवडले जातात, हे त्याने सरांना आपणहून विचारले आणि आता क्लबमध्ये तो माझ्याआधी पोहोचतो.

आपल्याकडे पाऊल मिळवून चालायला पहिल्या दिवसापासून शिकवतात आणि ड्रिल स्क्वेअरवर ते हवेच. पण एकजूट म्हणजे सगळ्यांनी एकच चित्र काढणे, एवढाच तिचा अर्थ नसतो. आमच्या जुन्या कार्डाला डोंगर आणि ढग दाखवायला लावले असते तर ते अडखळले असते. नकाशा ते न थकता दाखवते, आणि नकाशा नसेल तर नवखा वैमानिक वाट चुकतो.

ज्युनिअर्सपैकी कोणाला असा संगणक जुळवायचा असेल तर कार्ड आणण्याआधी स्लॉट, वॅट आणि ड्रायव्हर या तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. आणि चौथ्या पडद्यासमोर कोण बसणार, तेही आधीच ठरवा.