राष्ट्रपती भवनातली पत्रं

अकरावी लोकसभा २००१पर्यंत चालायची होती, ती १९९७च्या डिसेंबरातच विसर्जित झाली. राजीव गांधी हत्येची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाच्या अहवालानंतर काँग्रेसने द्रमुकच्या मंत्र्यांना काढा म्हणून हट्ट धरला, सत्ताधारी संयुक्त आघाडीने तो मानला नाही आणि काँग्रेसने पाठिंबा काढताच इंद्रकुमार गुजराल यांचं सरकार गेलं. १९९८च्या मुदतपूर्व निवडणुकीतही कोणालाच बहुमत नाही. भाजप १८२, काँग्रेस १४१. महाराष्ट्राचा कौल मात्र स्पष्ट होता: ४८पैकी ३३ जागा काँग्रेसला. शरद पवारांनी सोबत घेतलेले चार रिपब्लिकन नेतेही खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. आंबेडकर, गवई, आठवले आणि कवाडे यांच्या त्या विजयाची म्हणावी तशी दखल आपण अजून घेतलेली नाही.

संसदीय कार्यपद्धतीचा अभ्यासक म्हणून मला या निवडणुकीत सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते निकालानंतरचे दिवस. १९९६मध्ये राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना थेट बोलावलं होतं. ते सरकार तेरा दिवसांत, विश्वासदर्शक ठरावावरच्या मतदानाआधीच गेलं. १९९८मधले राष्ट्रपती के. आर. नारायणन यांना तो प्रसंग पुन्हा नको होता. त्यांनी मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रं मागितली. झालं, दिल्लीचा सगळा कारभार एका पत्रापाशी अडला. जयललितांच्या अण्णाद्रमुकचे खासदार १८. पण त्यांचं पत्र काही दिवस आलंच नाही. ते आल्यावरच वाजपेयींना निमंत्रण गेलं.

नारायणन यांच्या हेतूबद्दल मला पूर्ण आदर आहे. पद्धत मात्र मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. घटनेच्या ७५व्या कलमानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे. मग कोणाच्या पाठीशी किती जण, हे लोकसभेतच मोजायला हवं. शिवाय पत्र टिकतं किती? तेलुगू देसमचे १२ खासदार निमंत्रणाच्या वेळी तटस्थ होते. त्यांच्याच पक्षाचे बालयोगी लोकसभेचे अध्यक्ष झाले आणि २८ मार्चला त्या पक्षाने सरकारच्या बाजूने मत दिलं. विश्वासदर्शक ठराव २७४ विरुद्ध २६१ असा मंजूर झाला. आणि ज्या अण्णाद्रमुकच्या पत्रासाठी सारे खोळंबले होते, त्याच पक्षाने वर्षभरानंतर पाठिंबा काढला. १७ एप्रिल १९९९ रोजी सरकार २६९ विरुद्ध २७० असं, एका मताने पडलं. पुढे पर्यायी सरकारही जुळेना आणि देश पुन्हा मुदतीआधीच मतदानाला गेला.

न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२च्या अहवालात यावर उपाय सुचवला होता. स्पष्ट बहुमत कोणालाच नसेल, तर लोकसभेने अध्यक्षाबरोबर सभागृहाचा नेताही मतदानाने निवडावा आणि राष्ट्रपतींनी त्यालाच पंतप्रधान नेमावं. त्यासाठी आयोगाने बदल सुचवला तो लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत. माझ्या मते नव्या लोकसभेने पहिल्याच अधिवेशनात, कोणाचं सरकार अडचणीत नसताना, तो करून टाकावा.