पत्र्याच्या खोलीसाठी एसी घेताय? आधी हे वाचा

मार्च संपत आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. तपासून होते, औषधे लिहून होतात, रुग्ण दारापर्यंत जातो आणि मागे वळून विचारतो, "डॉक्टर, आमच्या पत्र्याच्या खोलीला एसी कुठला घ्यावा?"

खरे तर हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा. पण निघोजे, मोई, कुरुळी, म्हाळुंगे या आपल्या पट्ट्यात तो डॉक्टरचाही प्रश्न आहे. चाकण एमआयडीसीतले कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला झोपतो आणि दुपारी तीनला उठतो, म्हणजे ऐन उन्हाच्या वेळी तो दहा बाय दहाच्या, वर पत्रा असलेल्या खोलीत पडलेला असतो. कुणी गॅरेजमागच्या गाळ्यात राहतो, कुणी दुकानाच्या शेडमध्ये. म्हणून यावर एकदा सविस्तर लिहायचे ठरवले.

झोपेचा आणि गारव्याचा संबंध

आपल्याला झोप लागते तेव्हा शरीराचे आतले तापमान थोडे उतरते. रात्री हे आपोआप घडते. दिवसा झोपणाऱ्याचे घड्याळ आधीच उलटे असते, त्यात खोली तापलेली असेल तर शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. मग माणूस तासातासाने घामाघूम होऊन उठतो.

माझ्याकडे प्रेस शॉपमध्ये काम करणारा एक रुग्ण यायचा. वय चाळिशीच्या आत, मूळ मराठवाड्यातला. डोके दुखते, चिडचिड होते, ही तक्रार. रक्तदाब लागोपाठ तीन भेटींत १५०/९६ च्या आसपास. मी त्याला मिठाचे विचारले, तंबाखूचे विचारले आणि मग झोपेचे विचारले. "साहेब, साडेतीन-चार तास होते. मशीनवर डुलकी येते." प्रेसवर डुलकी येणे म्हणजे काय, हे या भागात कुणाला सांगायला नको. तुटलेली बोटे घेऊन आलेली तरुण मुले मी पाहिली आहेत.

मी त्याला गोळी सुरू केली आणि एक साधे काम सांगितले. भिंतीवर लावायचा स्वस्तातला थर्मामीटर घ्या, उशीच्या उंचीवर टांगा आणि तीन दिवस दुपारी एक, तीन आणि पाचला आकडा लिहून ठेवा. तिन्ही दिवस दुपारी तीनचा आकडा ४१ होता. अशा खोलीत झोप न लागणे हा आजार नव्हे. लागली असती तरच नवल.

पंखा कुठपर्यंत पुरतो?

घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर पडते. पंखा हा घाम वाळवायला मदत करतो, तो हवा थंड करत नाही. हवाच ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम झोत मारतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका असे सांगते.

कूलरचे काय? आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा कूलर चांगले काम करतो आणि वीजही थोडी खातो. मात्र खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. जूनमध्ये हवा ओली झाली की त्याचा उपयोग संपतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करायची. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

एसीच्या आधी पत्रा

आता मुख्य मुद्दा. भर दुपारी सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट उष्णता येते. दहा बाय दहा फुटांचे छत म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. म्हणजे तुमच्या डोक्यावर नऊ किलोवॅटची शेगडी पेटली आहे असे समजा. त्यातला बराच भाग परत फिरतो, वाऱ्याने जातो. तरी ढोबळ हिशेबाने दीड-पावणेदोन किलोवॅट उघड्या पत्र्यातून खोलीत उतरतो.

एक टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. ('टन' हे एसीचे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून हे माप आले.) म्हणजे एक टनातला जवळजवळ अर्धा भाग नुसत्या पत्र्याशी झुंजण्यात जातो, आणि त्याचे बिल तुम्ही भरता.

म्हणून आधी पत्र्याला पांढरा करा. चुना चालेल, उष्णता परतवणारा पांढरा रंग मिळाला तर तो जास्त टिकेल. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा केला, पुढे तिथे झोपडवस्तीतील छतेही पांढरी करण्यात आली. पत्र्याच्या वर फूटभर अंतरावर हिरवी जाळी बांधली तरी फरक पडतो. खोलीत खाली छत घेता आले तर उत्तम, पण नुसत्या थर्माकोलचे घेऊ नका. ते आग लवकर धरते आणि त्याचा धूर विषारी असतो. भिंत आणि पत्रा यांमधल्या फटी बुजवा. बऱ्याच शेडमध्ये ही फट हातभर असते, त्यातून गार हवा निघून जाते.

कुठला आणि किती टनाचा?

छत झाकलेली, शंभर चौरस फुटांपर्यंतची खोली असेल तर एक टन पुरतो. पत्रा उघडाच राहणार असेल, किंवा खोली दीडशे फुटांकडे जाणारी असेल, तर दीड टन लागेल. उगाच मोठा घेऊ नका. गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करून थांबतो, पण हवेतला ओलावा नीट काढत नाही. पावसाळ्यात मग खोली गार पण चिकट राहते.

भाड्याने राहत असाल तर मी विंडो एसीच्या बाजूने आहे. तो एका डब्यात असतो, खोली बदलली की उचलून नेता येतो. स्प्लिट काढून पुन्हा बसवायचा तर पाइप, गॅस, मजुरी असा खर्च दर वेळी येतो. विंडोचे वजन मात्र ४०-५० किलोच्या घरात असते, तो पत्र्याच्या भिंतीवर पेलणार नाही. लोखंडी अँगलची फ्रेम जमिनीपासून उभी करून घ्या. या पट्ट्यात फॅब्रिकेशनवाल्याला तोटा नाही. स्वतःची जागा असेल तर स्प्लिट इन्व्हर्टर घ्या, आवाज कमी आणि वीजही कमी.

चाकावरचा पोर्टेबल एसी शेवटचा पर्याय. एका नळीचा पोर्टेबल खोलीतलीच हवा बाहेर फेकतो, आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत येते. मोबाइलवर जाहिरात येते तो टेबलावरचा 'मिनी एसी' तर एसी नसतोच, तो पाणी भरायचा छोटा पंखा असतो. त्यावर पैसे घालवू नका.

स्टारचे लेबल पाहताना त्यावरचे वर्षही पाहा. नियम अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच स्टार आजचे पाच नसतात.

बिल आणि वायरिंग

एक टनाचा चांगला एसी जोरात चालताना तासाला साधारण एक युनिट खातो. दिवसाचे सात तास धरले तर महिन्याला दोनशे युनिट. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यावर वाढतो. आपल्या भागात अनेक खोल्या एकाच मीटरवर आणि आत सबमीटर अशी सोय असते. तिथे सगळ्या खोल्यांची बेरीज वरच्या टप्प्यात जाते. तेव्हा एसी घेण्याआधी खोलीमालकाशी दर ठरवून घ्या, नंतरचे भांडण रक्तदाबाला बरे नाही.

वायरिंगची काटकसर करू नका. एसीला स्वतंत्र तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, खरे अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो, हे हवेच. पत्र्याच्या शेडमध्ये वायर सोलली तर अख्खी भिंत करंट धरते.

डॉक्टर म्हणून सर्वात महत्त्वाचे

एसी लावला की आपण फटी बुजवतो आणि दार लावतो. नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, आतलीच फिरवतो. म्हणून ज्या खोलीत स्वयंपाक होतो, तिथे गॅस पेटवण्याआधी एसी बंद करून दार-खिडकी उघडा. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत कधीच नको. गॅरेजच्या खोलीत राहणाऱ्यांनी शेजारी गाडी चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. खोलीतल्या सगळ्यांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी बाहेर पडा, कारण मग शोधा.

तापमान २६-२७ वर ठेवा आणि सोबत पंखा मंद लावा. २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना २४ वर येतात, ते वर न्यायला हरकत नाही. दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. पाणी पडण्यासाठी बादली ठेवली असेल तर ती रोज ओता, डास तिथेही होतो. "एसीने सर्दी होते का?" असेही विचारतात. सर्दी विषाणूने होते. थेट झोताने नाक-घसा कोरडा पडतो, म्हणून झोत अंगावर नको.

घरात पैसे एकाच एसीचे असतील तर तो कुणाच्या खोलीत? माझे उत्तर ठरलेले आहे: गरोदर बाई, तान्हे बाळ, साठीपुढचे आई-वडील, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रात्रपाळीवाला. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मानसिक आजाराची काही औषधे घेणाऱ्यांना उष्णता लवकर बाधते. त्यांनी उन्हाळ्याआधी एकदा डॉक्टरांना भेटावे. गोळी मनाने बंद करू नये.

वर सांगितलेल्या रुग्णाने आधी पत्रा पांढरा केला, वर जाळी बांधली. त्याने थर्मामीटर तीन अंशांनी उतरला. मग दिवाळीच्या बोनसमधून एक टनाचा विंडो घेतला. पुढच्या एप्रिलमध्ये तो साडेसहा तास झोपत होता. त्याची गोळी बंद झालेली नाही, एसीने रक्तदाब बरा होतो असे मी म्हणणार नाही. पण डोस वाढवावा लागला नाही, आणि मशीनवरची डुलकी गेली.

एसी परवडत नसेल तर पांढरा पत्रा, जाळी, ओले कापड आणि पुरेसे पाणी यांनीही बरेच साधते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तापलेल्या खोलीतला माणूस असंबद्ध बोलू लागला, बेशुद्ध झाला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.