छप्पन्न दिवसांची पट्टी

आपल्या हॉस्टेलमध्ये वेळापत्रक दोनच ठिकाणी काटेकोर पाळलं जातं. एक, रविवारी मेसची फीस्ट आणि दुसरं, सकाळी गरम पाण्याची रांग. बाकी सगळा कारभार 'बघू रे' या एकाच मंत्रावर चालतो. बीईच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मात्र एक छापील वेळापत्रक असतंच. रंगीत, आडव्या पट्ट्यांचं, देखणं. त्याला गँट चार्ट म्हणतात. तो बहुतेक वेळा प्रोजेक्ट संपल्यावर, बाइंडिंगवाल्याकडे जायच्या आदल्या रात्री तयार होतो. म्हणजे लग्न उरकल्यावर पत्रिका छापण्यातला प्रकार!

करायची पद्धतही ठरलेली. सीनिअरची फाइल मिळवायची, वरचे महिने तेच ठेवायचे, साल बदलायचं. एक्सेलच्या चौकोनांना पिवळा, हिरवा, निळा रंग भरायचा. 'लिटरेचर सर्व्हे' पिवळा, 'एक्सपेरिमेंटल वर्क' हिरवा, 'कन्क्लूजन' निळा. झाला चार्ट! या चार्टचा मोठा गुण असा की तो कधीच काही बोलत नाही. काम महिनाभर उशिरा झालं तरी तो आपला जागच्या जागी हिरवागार.

हा चार्ट ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हेन्री गँट (1861-1919) अमेरिकेतले मेकॅनिकल इंजिनीअर. 1910 च्या दशकात कारखान्यातलं काम डोळ्यांसमोर दिसावं म्हणून त्यांनी असे तक्ते रुळवले. त्यांच्याही आधी, 1896 मध्ये, पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की या इंजिनीअरने असाच तक्ता बनवला होता. तक्त्यावर कागदाच्या सरकत्या पट्ट्या असायच्या आणि एक काम हललं की त्याच्या मागची कामंही हलवता यायची. त्याचं लिखाण पोलिश आणि रशियन भाषेत राहिलं आणि नाव गँटचं झालं. पण मुद्दा नावाचा नाही, 'हलण्याचा' आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी कागदाची पट्टी हलत होती. आणि आपण संगणकावर ती रंगाने चिकटवून टाकतो!

आमच्या गाइड सरांनी 2024 च्या जुलैमध्ये पहिल्याच भेटीत सांगितलं, "मला प्रिंट नको, फाइल द्या. आणि तारखा हाताने टाकलेल्या दिसल्या तर परत पाठवीन." तेव्हा थोडा रागच आला होता. आता वाटतं, सरांनी त्या एका वाक्यात अर्धं प्लॅनिंग शिकवलं.

हाताने तारखा टाकायच्या नाहीत म्हणजे काय? शीटमध्ये पाच रकाने केले : काम, कोणत्या कामानंतर, सुरुवात, दिवस, शेवट. फक्त पहिल्या कामाची तारीख हाताने टाकली. बाकी प्रत्येक कामाची सुरुवात म्हणजे आधीच्या कामाचा शेवट अधिक एक. एखादं काम दोन कामांवर अवलंबून असेल तर त्या दोघांच्या शेवटांपैकी उशिराचा घ्यायचा, त्यासाठी 'मॅक्स' हे फंक्शन. शेवट म्हणजे सुरुवात अधिक दिवस वजा एक. हा 'वजा एक' विसरला की प्रत्येक काम एक दिवस लांबतं आणि दहा कामांनंतर दहा दिवस कुठे गेले ते सापडत नाही.

आता पट्ट्या. एक्सेलमध्ये, गूगल शीट्समध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये 'स्टॅक्ड बार' नावाचा आडवा चार्ट असतो. त्यात दोन मालिका द्यायच्या, पहिली सुरुवातीच्या तारखेची आणि दुसरी दिवसांची. मग पहिल्या मालिकेचा रंग काढून टाकायचा, 'नो फिल'. पहिली पट्टी दिसेनाशी होते आणि दुसरी हवेत बरोबर आपल्या तारखेवर तरंगते. गंमत म्हणजे सगळा चार्ट त्या न दिसणाऱ्या पट्टीच्या खांद्यावर उभा असतो. कामं उलट्या क्रमाने येतात, त्यासाठी उभ्या अक्षावर उलटा क्रम निवडायचा. आडवा अक्ष तर थेट 1900 सालापासून सुरू होऊ शकतो, कारण एक्सेलला तारीख म्हणजे नुसता आकडा वाटतो. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1 आणि तिथून मोजत 1 जुलै 2024 म्हणजे 45474. हा आकडा अक्षाचा किमान म्हणून टाकला की चार्ट आपल्या सेमिस्टरमध्ये येतो.

तारीख आकडा आहे म्हणूनच ती बेरजेत चालते. पण काँप्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल तर 7 ऑगस्ट लिहायला जावं आणि त्याने 8 जुलै समजावं असं होतं. आणि 25/08 लिहिलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तो त्याला तारीखच मानत नाही, मजकूर मानतो. ओळखायची खूण सोपी आहे. मजकूर चौकोनात डावीकडे चिकटतो, आकडा उजवीकडे.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? त्यासाठी आमचा प्रोजेक्ट सांगावा लागेल.

आमचा विषय साधा : काँक्रीटमध्ये सिमेंटच्या बदल्यात काही भाग फ्लाय ॲश. प्रमाण 0, 10, 20 आणि 30 टक्के. दरवर्षी कोणी ना कोणी हा विषय घेतंच. 150 मिलिमीटरचे क्यूब टाकायचे, पाण्यात ठेवायचे, 7 आणि 28 दिवसांनी दाबून फोडायचे. पण फ्लाय ॲश हा सावकाश गडी आहे. सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेत जो चुना सुटतो, त्याच्याशी ती हळूहळू संयोग पावते. म्हणून तिची ताकद उशिरा दिसते. फक्त 28 दिवसांवर थांबलो तर निष्कर्ष असा निघेल की राख घातली आणि काँक्रीट बिघडलं. आकडे खरे, पण गोष्ट अर्धी. म्हणून आम्ही 56 दिवसांची टेस्ट ठेवली. चार मिक्स, तीन वयं, प्रत्येकी तीन क्यूब, एकूण 36. लॅबमध्ये आमच्या वाट्याला नऊ साचे. रोज एक मिक्स, चार दिवस कास्टिंग.

शीटमध्ये दोन प्रकारचे दिवस येतात हे इथे कळलं. माणसाचं काम रविवारी बंद असतं. त्यासाठी 'वर्कडे.इंटल' नावाचं फंक्शन आहे, 11 हा कोड दिला की ते फक्त रविवार वगळतं आणि सुट्ट्यांची यादी दिली की त्याही वगळतं. क्यूबला मात्र रविवार नाही आणि दिवाळीही नाही. तो टाकीत पडून आपला पिकत असतो. त्याची तारीख म्हणजे कास्टिंग अधिक 28 किंवा 56, सरळ बेरीज. पण तो फोडायला लॅब उघडी लागते! शिवाय 7, 28 आणि 56 हे तिन्ही सातच्या पाढ्यातले, त्यामुळे ज्या वारी कास्टिंग त्याच वारी टेस्ट. सोमवार ते शनिवार टाकलं तर रविवारची भीती नाही. राहिल्या सुट्ट्या. टेस्टची तारीख सुट्टीच्या यादीत सापडली तर चौकोन लाल व्हावा, असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं.

मूळ वेळापत्रक असं : 21 ऑगस्टपर्यंत फ्लाय ॲश हातात, चार दिवस तिच्या चाचण्या आणि मिक्स डिझाइन, 27 ते 30 ऑगस्ट कास्टिंग. 56 दिवसांची टेस्ट 22 ते 25 ऑक्टोबर. 28 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर दिवाळीची सुट्टी, लॅब बंद. 25 नोव्हेंबरला प्रेझेंटेशन. सगळे चौकोन पांढरे.

20 ऑगस्टला निरोप आला की डिपार्टमेंटने मागवलेली फ्लाय ॲश 27 तारखेला येईल. सहा दिवसांचा तर उशीर! कट्ट्यावर आम्ही चौघांनी चहा घेत 'चालतंय' म्हटलं असतं. रूमवर येऊन मी शीटमध्ये तो एक आकडा बदलला. खालच्या सगळ्या पट्ट्या उजवीकडे सरकल्या. कास्टिंग 2 ते 5 सप्टेंबर. 56 दिवसांच्या टेस्ट 28 ते 31 ऑक्टोबर. चारही चौकोन लाल. शिवाय 4 सप्टेंबरच्या कास्टिंगची 28 दिवसांची टेस्ट 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीला. तोही लाल.

रूममध्ये शांतता पसरली. मग आमच्यातला एक म्हणाला, "अरे, 56 चं रीडिंग मॅनेज करू ना. 28 चं आलं की त्यावर थोडे टक्के वाढवायचे. कोण बघतंय?" तो वाईट मुलगा नाही. घरापासून लांब राहणारा, वर्षात एकदा भाऊबिजेला बहिणीकडे जाणारा. दिवाळीत हॉस्टेलवर थांबणं त्याला शक्य नव्हतं, आणि थांबून तरी काय, लॅबला कुलूप. मला त्याच्या बोलण्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. चार्ट रंगवलेला असता तर हेच वाक्य नोव्हेंबरमध्ये आलं असतं आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनीच गुपचूप मान हलवली असती. कारण नोव्हेंबरमध्ये दुसरा रस्ताच उरत नाही. गेलेले छप्पन्न दिवस कोणत्याही लॅबमध्ये मागे जाऊन मिळत नाहीत. ऑगस्टमध्ये मात्र रस्ता शोधायला वेळ होता.

मग आम्ही तो प्रश्न विचारला जो आधी कोणाच्या मनातच आला नव्हता : फ्लाय ॲश लागते तरी किती? नऊ क्यूबचं काँक्रीट, वाया जाणारं धरून, साधारण 0.035 घनमीटर. घनमीटरला 380 किलो सिमेंट धरलं तर एका मिक्सला सुमारे 13 किलो. त्याचे 10, 20 आणि 30 टक्के मिळून आठ किलो. फक्त आठ किलो! डिपार्टमेंटची ऑर्डर गोण्यांची होती, सगळ्या ग्रुपना पुरेल अशी. आम्हाला हवी होती ती एका पिशवीत मावणारी.

21 तारखेला सरांचं पत्र घेऊन आम्ही दोघं गावाबाहेरच्या रेडीमिक्स प्लँटवर गेलो. तिथल्या इंजिनीअर साहेबांनी पत्र वाचलं, हसले आणि म्हणाले, "बारा किलो? घेऊन जा पोरांनो." बाइकवर मधे पिशवी ठेवून परत आलो. मागे बसलेल्याचे केस पांढरे झाले होते. चार दिवस चाचण्या आणि मिक्स डिझाइन, 27 ला कास्टिंग. लाल चौकोन पुन्हा पांढरे.

25 ऑक्टोबरला शेवटचा क्यूब फुटला तेव्हा लॅबच्या मामांनी कुलूप हातातच धरलं होतं. 30 टक्क्यांचा मिक्स 28 दिवसांना जितका मागे होता तितका 56 ला राहिला नव्हता. 20 टक्क्यांचा तर साध्या काँक्रीटच्या अगदी जवळ आला होता. तीन क्यूबच्या सरासरीवर जगाला काही सिद्ध करून दाखवलं असं नाही. पण तो आकडा मशीनच्या काट्यावर चौघांनी एकत्र पाहिला होता. 'मॅनेज करू' म्हणणाऱ्यानेच तो वहीत लिहिला, दोनदा तपासला आणि रात्रीच्या गाडीने घरी गेला. भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती.

गँट चार्टला सगळं कळतं असं नाही. नऊच साचे आहेत हे त्याला आपण सांगावं लागतं. दुसऱ्या ग्रुपने ते उचलून नेले तर तो ओरडत नाही. कोणाला ताप आला, कोणाचा प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू लागला, हे पट्टीत दिसत नाही. पण एक काम तो करतो : आज झालेल्या उशिराची किंमत आजच दाखवतो.

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, सीनिअरची फाइल जरूर घ्या, पण तिच्यातले रंग पुसा आणि तारखा एकमेकींना बांधा. आणि सरांना, मॅडमना एक नम्र विनंती. चार्ट जुलैमध्ये एकदा बघता, तसा ऑगस्टच्या शेवटीही एकदा उघडायला सांगा. लाल चौकोन तेव्हाच दिसला तर निदान काही मुलं खोटा आकडा लिहिण्यापासून वाचतील.