पहिल्याचे नाव, सर्वांच्या पानावर

संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत केला. त्यावर चर्चा निघाली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हॅकर उभा राहतो. मला मात्र मी स्वतः लिहिलेली एक ओळ आठवते.

एका महाविद्यालयासाठी मी शिष्यवृत्ती-अर्जांचे संकेतस्थळ तयार केले होते. त्यासाठी ‘वेबटूपाय’ हे पायथनमधील फ्रेमवर्क वापरले. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले मासिमो दी पिएर्रो यांनी ते २००७ मध्ये प्रामुख्याने अध्यापनासाठी निर्माण केले. त्यात आलेली विनंती म्हणजे ‘रिक्वेस्ट’ आणि वापरकर्त्याची ओळख जपणारे ‘सेशन’ कंट्रोलरला आयतेच मिळतात. आपण स्वतंत्रपणे लिहिलेल्या मॉड्यूलला मात्र ते ‘करंट’ नावाच्या ऑब्जेक्टकडे मागावे लागतात. मी मॉड्यूलच्या अगदी आरंभी, कोणत्याही फंक्शनच्या बाहेर, सेशन एकदाच मागून ठेवले. चाचणीत सारे निर्दोष चालले.

अर्जाच्या अखेरच्या दिवशी एक विद्यार्थिनी आली. तिच्या पानावर दुसऱ्याच मुलाचे नाव होते आणि त्याच्या वडिलांचे उत्पन्नही.

कारण साधे होते. पायथन एका प्रक्रियेत मॉड्यूल एकदाच, प्रथम आयात होताना, चालवते. माझी ओळ पहिल्या अभ्यागतासाठी चालली आणि त्याचेच सेशन पुढे सर्वांसाठी कायम राहिले. रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा केसपेपर टेबलावरच राहावा आणि पुढच्या प्रत्येकाला त्याचीच औषधे लिहून मिळावीत, तसे हे झाले. चाचणीत पहिला अभ्यागत मी आणि शेवटचाही मीच. मग दोष दिसावा कसा?

उपाय एवढाच, की ती ओळ फंक्शनच्या आत नेली. ‘करंट’ प्रत्येक थ्रेडसाठी वेगळे मूल्य राखते; म्हणून दर विनंतीच्या वेळी विचारले तर उत्तर अचूक मिळते. माझा प्रश्न योग्य होता, वेळ चुकली होती. जँगो हे फ्रेमवर्क रिक्वेस्ट प्रत्येक व्ह्यू-फंक्शनच्या हाती उघडपणे देते. फ्लास्कमधील ‘रिक्वेस्ट’ हा केवळ प्रतिनिधी असतो. दर वापरावेळी तो चालू विनंती शोधतो. पुढे एकाच थ्रेडवर अनेक विनंत्या आळीपाळीने चालू लागल्या, तेव्हा थ्रेडनिहाय मूल्ये अपुरी पडली आणि २०१८ च्या पायथन ३.७ मध्ये ‘काँटेक्स्टव्हार्स’ आले.

दुरुस्तीला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या मुलीने तक्रार केली नाही, फक्त विचारले, “मग माझी माहिती कोणी पाहिली असेल?” सर्व्हरवर अनेक प्रक्रिया चालू होत्या, प्रत्येकीचा ‘पहिला’ निराळा होता आणि कोणाला कोणाचे पान दिसले याची नोंद मी ठेवलीच नव्हती. तिला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, आपले संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या नावांनी एकाच वेळी प्रवेश करून पाहा. एकट्याने घेतलेल्या परीक्षेत हा दोष नेहमीच उत्तीर्ण होतो.