गुळाचं आहे, चालतं!

मधुमेहाच्या तपासणीत आईचं एचबीए१सी ६.९ निघालं आणि रुग्णालयातून आहाराचा छापील कागद मिळाला. वर ठळक अक्षरांत 'साखर पूर्ण बंद'. खाली 'चालेल' या रकान्यात गूळ, मध, खजूर, फळांचा ताजा रस.

आईने तो कागद शिरसावंद्य मानला. साखरेचा डबा माझ्या घरी रवाना झाला. सकाळी कोमट पाण्यात मध, चहात गूळ, मग मोसंबीचा रस, संध्याकाळी खजुराचा लाडू. काही बोलायला जावं तर उत्तर ठरलेलं, "अगं, गुळाचं आहे, चालतं. कागदावर लिहिलंय." पूर्वी चहात मोजून एक चमचा साखर घालणारी बाई आता ढेपेचा खडा फोडून सरळ आधणात टाकत होती.

शेवटी मी वजनकाटा काढला. साखरेचा सपाट चमचा ४ ग्रॅम भरला, गुळाचा खडा ११. गुळात ८० टक्क्यांहून जास्त साखरच असते. लोह असतं, नाही असं नाही. पण अंगी लागेल इतकं हवं तर त्यापायी साखरच भरमसाट पोटात जाईल. मधातही जवळपास ८० टक्के साखर, उरलेलं बहुतेक पाणी. रसाच्या एका पेल्याला तीन-चार मोसंब्या लागतात, आणि पोट भरणारा चोथा गाळणीतच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. या हिशेबात मध, फळांचा रस आणि वरून घातलेला गूळही धरलेला आहे. आईचे २५ ग्रॅम दुपारच्या जेवणाआधीच संपत होते.

पुढच्या तपासणीत आकडा ७.४ वर गेला. डॉक्टरांनी विचारलं, "गोड खाता का?" आई ठामपणे म्हणाली, "साखरेला हातसुद्धा लावत नाही." तिचं खरंच होतं. मी गुळाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

आता रस बंद आहे, मोसंबी सोलून खाल्ली जाते आणि चहा बिनगोडाचा असतो. होळीला पुरणपोळी होते, तीही मोजून एक. तुमच्याही घरी असा कागद आला असेल, तर 'चालेल'च्या पुढे 'किती' ते विचारून घ्या. गूळ आवडतो म्हणून जरूर खा, औषध म्हणून खाऊ नका.