दारावरची पाटी

टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवली. ती चुकीची शिकवली, असे आता वाटते.

अमेरिकेतील ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाच्या ऑगस्ट १९५४च्या अंकात ती प्रथम प्रसिद्ध झाली. दूरच्या ग्रहावर तापाने मरणोन्मुख झालेल्या सहा माणसांसाठी औषध घेऊन एक लहान यान निघाले आहे. इंधन एकट्या चालकापुरते, काटेकोर मोजलेले. धाकट्या बहिणीच्या ओढीने, भावाला भेटावे म्हणून अठरा वर्षांची मॅरिलिन त्यात लपून बसते. तिच्या वजनासह यान सुखरूप उतरणे अशक्य. म्हणून तिला बाहेरच्या पोकळीत जावे लागते.

या कथेत खलनायक नाही, ग्रीक शोकांतिकेतील नियतीची जागा येथे भौतिकशास्त्राने घेतली आहे, असे मी वर्गात सांगत असे. या वाक्यावर माझा फार लोभ होता. एकदा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण त्या दाराला कुलूप का नव्हते?” वर्ग हसला. मीही हसलो, आणि साहित्यकृतीकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहू नये, असे काहीसे बोलून पुढे गेलो.

कथेची जन्मकथा माझ्या वाचनात आली ती पुष्कळ नंतर. या मासिकाचे संपादकपद १९३७पासून १९७१मधील मृत्यूपर्यंत जॉन कॅम्बेल यांच्याकडे होते. लेखकांना कल्पना सुचवणे, कथा पुन्हा लिहायला लावणे, ही त्यांची रीत. गॉडविन मुलीला वाचवण्याची काहीतरी युक्ती शोधीत आणि कॅम्बेल हस्तलिखित परत पाठवीत, असे सांगतात. मासिकाचा नेहमीचा वाचक अशा युक्त्यांना सरावलेला होता: शेवटच्या पानावर कोणी तल्लख अभियंता मार्ग काढणारच. कॅम्बेल यांनी नेमकी ही सवय हेरली. कथेचा आघात त्या अंकाच्या वाचकाला जसा बसला असेल, तसा संग्रहात ती अभिजात म्हणून वाचणाऱ्या आपल्याला बसत नाही.

पण मग मुलीला मारले कोणी? गुरुत्वाकर्षणाने खासच नव्हे. राखीव इंधन न ठेवण्याचा निर्णय माणसांचा होता, आणि जिथे पाऊल टाकणाऱ्याला मृत्युदंड ठरलेला, तिथे केवळ मनाईची पाटी लावण्याचाही. पुढे इतर समीक्षकांनीही हा आक्षेप घेतला. त्या विद्यार्थिनीला तो सुचला, तेव्हा मी तरी तो कुठे वाचलेला नव्हता.

एवढ्याने कथा उणावत नाही. मरण ओढवावे असे आपण काही केलेले नाही, हे मॅरिलिनचे म्हणणे मी पूर्वी अजाण पोरीचा आकांत म्हणून वाचीत असे. आता तिचेच बोलणे मला कथेत सर्वांत समंजस वाटते. माझ्या जुन्या प्रतीत त्या ओळींच्या समासात माझ्याच हस्ताक्षरात ‘भाबडेपणा’ असे लिहिलेले आहे. ते मी खोडलेले नाही. शेजारी फक्त ‘कुलूप?’ एवढे लिहून ठेवले आहे.